निळा देवमासा, मादी, एक नग

जबाब देणाऱ्याचे नाव व राहण्याचा पत्ता वरच्या रकान्यात घेतला आहे. ओळखीचे नाव: ताडपत्रीवाले, सुट्टीच्या वर्गातील मुलांमध्ये 'काका'. वय बावन्न. शिक्षण आठवी, त्यापुढचे स्वतःचे स्वतः. धंदा: ताडपत्र्या, तंबू आणि गाड्यांची आवरणे शिवणे.

मी स्वतः ठाण्यात येऊन, मला विचारले म्हणून, घडले तेवढेच सांगून लिहून देतो की:

खालील वस्तू मी माझ्या हातांनी बनवल्या आहेत. मोडक्या छत्र्यांचे जेलीफिश, चौदा. सायकलच्या ट्यूबांचा ऑक्टोपस, एक. त्याच्या आठही हातांवर बाटल्यांच्या बुचांच्या वाट्या दोन-दोन ओळींत बसवल्या आहेत, कारण नेहमीच्या ऑक्टोपसाला त्या दोन ओळींत असतात. कपाळावर दिवा असलेला खोल पाण्यातला मासा, बॅटरीवर चालणारा. जुन्या गाद्यांच्या फोमची प्रवाळाची भिंत. भरती-ओहोटी दाखवणारी लाकडी पन्हळ, हाताने झुलवायची. आणि निळा देवमासा, मादी, पूर्ण वाढीची, लांबी पंचवीस मीटर, एक नग. यांपैकी देवमाशाच्या शेपटीची दुहेरी शिवण माझ्या पत्नीने घातली आहे. ती बाहेर बाकावर बसली असून, हे वाक्य घेतल्याशिवाय पुढे बोलायचे नाही असे तिने दारातून सांगितले आहे.

मादीच का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. निळ्या देवमाशांत मादी नरापेक्षा मोठी असते. बनवायचाच तर मोठा बनवावा.

अर्ध्या मापाचा करा, कापड वाचेल, असे मला पुष्कळ जणांनी सुचवले होते. अर्ध्या मापाचा निळा देवमासा म्हणजे दुसराच कुठला तरी मासा झाला, आणि देवमासा तर मुळात मासाच नाही. तो हवेत श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. म्हणून पूर्ण मापाचा केला. कापड तंबूचे आहे, ताडपत्री नव्हे. दोन कूलरच्या पंख्यांनी तो फुगतो व फुगलेला राहतो. आत जायला तोंडाशी तंबूची चेन आहे, ती आतून लावता येते.

वर्ग वाचनालयाच्या सभागृहात भरतो. सभागृह अठरा मीटर लांब आहे. उरलेली सात मीटर शेपटी मागच्या दाराने गल्लीत जाते व केशकर्तनालयासमोर ठेवली जाते. तेथील कारागिराची काही हरकत नव्हती. त्याची गिऱ्हाइके शेपटीला टेकून बसतात आणि शिवणींतून जो थोडा वारा गळतो तो मानेवर घेतात, असे तो म्हणाला. माझ्या शिवणींतून वारा गळत नाही. शेपटीचे मी सांगू शकत नाही.

हा वर्ग मी कसा घेऊ लागलो, असे विचारले. सभागृहाचे पडदे शिवायचे काम माझ्याकडे आले होते. एका खिडकीचे माप घ्यायला मला तीन दिवस का लागतात, हे पाहायला ग्रंथपाल बाई आल्या, तेव्हा मी खिडकीखालच्या कपाटातले समुद्राचे पुस्तक घेऊन जमिनीवर बसलो होतो. बाईंनी माझ्या नावाचे कार्ड केले. त्या वाचनालयात समुद्रावर जेवढी पुस्तके आहेत तेवढी मी वाचली. नंतर रद्दीवाल्याकडची मासिके वाचली. यंदा बाई म्हणाल्या, "सुट्टीत मुलांना काहीतरी शिकवाल का?" मी म्हणालो, "काहीतरी नाही शिकवणार. समुद्र शिकवीन."

वर्गाचा नियम तक्रारीच्या मुळाशी आहे, म्हणून तो नीट लिहून घ्यावा. सभागृहाच्या दाराला निळा पडदा आहे. तो पडदा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. पडद्याच्या आत कोणी बोलायचे नाही, कारण पाण्यात माणसाला बोलता येत नाही. पाणबुडे करतात त्या खुणांनी बोलायचे: अंगठा व तर्जनी यांचे कडे केले म्हणजे सर्व ठीक, आडवा पंजा डुलवला म्हणजे गडबड आहे. मी पितळी घंटा वाजवली की सगळे वर आले, मग वाटेल तेवढे बोला. हा नियम मुलांना आहे तसाच मलाही आहे.

पहिले दोन दिवस मुलांना उचकी लागल्यासारखे हसू येत होते. मग ती इतकी तरबेज झाली की घरीही खुणाच सुरू झाल्या. एका आईने मला रस्त्यात गाठून सांगितले, "काका, मी विचारलं अभ्यास झाला का, तर त्याने पंजा डुलवला. आता मी यावर ओरडू कशी? मला ती खूण येतच नाही." मी त्यांना तिथेच शिकवली.

उद्या वर्गाचा शेवटचा दिवस आहे. उद्या प्रत्येक मूल आपल्या घरच्या एका मोठ्या माणसाला देवमाशाच्या आत नेणार आणि सगळे स्वतः समजावून सांगणार, मी बाहेर उभा राहणार, असे ठरले आहे. त्यासाठी देवमासा मला आज परत हवा. या जबाबात माझे मागणे एवढेच आहे. हवालदारसाहेब म्हणाले की मागणे शेवटी लिहितात. माझे म्हणणे असे की शेवटपर्यंत कोणी वाचतेच असे नाही.

आज सकाळी हृदयाचा पाठ होता. हृदय मी पत्र्याच्या पिंपावर लाल रेक्झिन चढवून केले आहे, दोघांना बसता येईल अशा बाकड्याएवढे. निळ्या देवमाशाचे हृदय मोटारीएवढे असते असे काही ठिकाणी छापलेले आहे. ती अतिशयोक्ती आहे. मी तसे केले नाही. पिंपावर ठोका द्यायला कापडात गुंडाळलेला दांडका आहे. निळा देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा त्याचे हृदय मिनिटाला दोनच ठोके पडतील इतके संथ होते, असे मोजलेले आहे. म्हणून आम्हीही अर्ध्या मिनिटाला एक ठोका देतो.

या अर्ध्या मिनिटात काय होते, असे मला खोदून विचारण्यात आले. काही होत नाही. बावीस मुले निळ्या उजेडात मांडी घालून बसतात आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहतात. ठोका पडतो. सगळ्यांच्या पोटात तो घुमतो. मग पुन्हा काही होत नाही, आणि ते इतका वेळ होत नाही की कोणाचे तरी खांदे हलू लागतात. शेजारचा त्याच्याकडे न बघण्याची शिकस्त करतो. मग त्याचेही हलतात. तोंडावर दोन्ही हात, डोळ्यांतून पाणी, आवाज मात्र नाही. आज सहाव्या ठोक्यापर्यंत सगळी रांग अशी हलत होती आणि देवमाशाचे पोट बाहेरून थरथरत असणार, हे मला मान्य आहे. मी स्वतः हसत होतो काय, असे विचारले. होय.

मुलांपैकी एक मुलगी आहे, तिला सगळे 'शंका' म्हणतात, कारण तिला त्या असतात. तिने मला खुणेने विचारले की आपण आत आहोत हे देवमाशाला कळते का. ही खूण कोणत्याही पुस्तकात नाही. ती तिने तिथल्या तिथे तयार केली आणि मला ती कळली. उत्तर देण्यासाठी मी हात उचलला, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

तक्रारदार आजोबा नातवाला न्यायला लवकर आले होते. त्यांना वर्गात देवमासा आहे हे माहीत नव्हते. नातवाने घरी सांगितलेले नव्हते, कारण उद्या आजोबांनाच आत न्यायचे आणि चकित करायचे असे त्याच्या मनात होते. ते पडदा बाजूला करून आत आले तेव्हा त्यांना दारापाशी बावीस जोडी चपला-बूट दिसले, आणि सगळी खोली व्यापून बसलेले निळे काहीतरी दिसले. मूल एकही दिसले नाही. आवाज कसलाच नव्हता. मग एक ठोका पडला.

त्यांनी हाक मारली, "कोणी आहे का?"

नियमाप्रमाणे कोणी बोलले नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली, "राजा, आहेस का रे?" नातवाने हाताने तोंड दाबून धरले होते, त्याला हसू आवरत नव्हते. बाकीच्यांनाही आवरत नव्हते. आजोबांनी छत्रीच्या टोकाने देवमाशाला ढोसले असावे, कारण पोटाला आतून एक खळगा पडला आणि तो बरोबर शंकाच्या डोक्यावर टेकला. तिने गडबड आहे अशी खूण केली. ते पाहून चार जण आडवे झाले.

मग आजोबांनी तिसरी हाक मारली. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. नातू हसायचा थांबला आणि उठू लागला. मी त्याला हाताने बस अशी खूण केली. तो बसला.

आजोबांच्या छत्रीचा आवाज दाराकडे गेला. पोलीस ठाणे वाचनालयाच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे.

हवालदारसाहेब थोड्याच वेळात आले. हा जबाब लिहून घेणारे ते हेच हवालदारसाहेब, हे मी त्यांच्या परवानगीने नमूद करतो. ते देवमाशाच्या तोंडासमोर उभे राहून म्हणाले, "आत कोण आहे? मुकाट्याने बाहेर या." आम्ही मुकाट्याने होतो, पण घंटा झाली नव्हती. बुडी निम्म्यात होती. खोल पाण्यातून एकदम वर यायचे नसते, त्याने माणसाला इजा होते. हे मी मुलांना शिकवलेले असल्यामुळे कोणी हलले नाही.

निळ्या देवमाशाला डोक्यावर श्वासाची दोन छिद्रे असतात. पुष्कळ चित्रांत एकच दाखवतात. मी दोन ठेवली आहेत. बाहेरच्या माणसाला काळजी वाटू नये म्हणून शंकाने डाव्या छिद्रातून हात बाहेर काढला आणि सर्व ठीक अशी खूण केली. हवालदारसाहेबांनी त्या हाताला विचारले, "नाव काय तुझं?" हाताने पुन्हा सर्व ठीक अशी खूण केली. हवालदारसाहेब म्हणाले, "माझी थट्टा चालली आहे का?" हाताने थोडा विचार केला आणि पंजा डुलवला.

यानंतर देवमाशाने श्वास सोडला. पोलीस कर्मचाऱ्याच्या अंगावर पाणी फेकल्याचा जो मुद्दा तक्रारीत घातला आहे त्याबाबत माझे म्हणणे असे. ठराविक ठोके झाले की देवमासा वर येऊन श्वास सोडतो, हे पाठात आधीपासून ठरलेले असते. त्यासाठी छिद्रांच्या मागे झाडांवर फवारा मारायचा पंप आहे. पंप नवा आहे, त्यात औषध कधीही भरलेले नाही. पंपावर आज ज्याची पाळी होती त्याने आपली पाळी चोख बजावली. देवमाशाच्या डोक्यावरून कारंजे उडते असे लोक समजतात ते चूक आहे. तो उच्छ्वास असतो, त्यात बाष्प असते. म्हणून मी पंपाला सर्वांत बारीक तोटी लावली आहे. त्यामुळे हवालदारसाहेब भिजले हे म्हणणे मला मान्य नाही. ते दमट झाले.

हवालदारसाहेबांनी आपली टोपी टेबलावर ठेवून मला दाखवली. बऱ्याच चर्चेनंतर आम्ही दोघांनी 'ओलसर' असे लिहायचे ठरवले.

फवारा उडाल्यावर मी घंटा वाजवली. चेन उघडली. बावीस मुले तोंडातून एकापाठोपाठ बाहेर आली आणि एकदम बोलू लागली. अर्धा तास कोंडलेले बोलणे ते. हवालदारसाहेबांना प्रत्येकाने हात धरून वेगवेगळे काही सांगितले: की देवमाशाला दात नसतात, झालरी असतात, की तो क्रिल नावाचे बोटाएवढे कोळंबीसारखे जीव गाळून खातो, की तुम्ही भिजलात ते पाणी नाही, बाष्प आहे. आजोबा पडद्यापाशी उभे होते. त्यांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग त्याला एक चापट मारली, मग पुन्हा हात फिरवला.

हवालदारसाहेब म्हणाले, "हे सगळं जप्त."

पंचनाम्यात त्यांनी 'निळी ताडपत्री, जुनी, मोठी' असे लिहिले होते. मी हरकत घेतली. ग्रंथपाल बाई पंच म्हणून उभ्या होत्या, त्याही म्हणाल्या, "ताडपत्री म्हणून मी सही करणार नाही. मी रोज सकाळी तिला गुड मॉर्निंग म्हणते." शेवटी या जबाबाच्या वर लिहिले आहे तसे वर्णन घेण्यात आले. घंटाही जप्त झाली. ती पुडक्यात घालून लाखेने बंद करण्यात आली.

देवमाशाची घडी शेपटीकडून तोंडाकडे घालावी लागते, म्हणजे आतली हवा तोंडातून निघून जाते. मी हे दोनदा सांगितले. कोणी ऐकले नाही. तोंडाकडून सुरुवात केल्यामुळे सगळी हवा शेपटीत जमा झाली आणि चार पोलीस अर्धवट फुगलेली देवमाशी खांद्यावर घेऊन रस्त्यात उतरले. रस्त्याच्या मधोमध ती बसली. एक बस थांबली. कंडक्टरने खाली वाकून पाहिले आणि आत वळून म्हणाला, "उतरा, खांदा द्या, नाहीतर संध्याकाळ इथेच." निम्मी बस उतरली. गल्लीतला केशकर्तनालयाचा कारागीरही शेपटीमागून धावत आला, त्याच्याबरोबर एका गालाला साबण लावलेले गिऱ्हाईक. मुले दोन्ही बाजूंनी चालत होती आणि 'डावीकडे घ्या', 'परांना धक्का लावू नका', 'ती मादी आहे' अशा सूचना देत होती. माझी पत्नी शेपटीखाली होती. शेपटी फुगून टम्म झाली होती आणि तिच्यातून वारा गळत नव्हता, हे तिने मला रस्त्याच्या त्या टोकाहून ओरडून सांगितले.

ठाण्याच्या आवारात देवमाशी मावली नाही. शेपटी ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या गाडीवर गेली. साहेब खिडकीत आले आणि म्हणाले, "कोणी आणलं हे?" हवालदारसाहेब म्हणाले, "जप्त केलंय, साहेब." साहेब म्हणाले, "आता मी घरी कसा जाणार?"

तक्रारीत मुले आत गुदमरली असती असे लिहिले होते. साहेबांनी हुकूम दिला की आधी आत श्वास घेता येतो की नाही ते बघा. पंखे आणि हृदयाचे पिंप वाचनालयातून आणले, पिंप आत ठेवले, पंखे ठाण्याच्या बोर्डाला लावले. आतल्या खोलीतले दिवे मंद झाले. देवमाशी फुगली. शिपाई आत जायला पुढे झाला, तेव्हा आजोबा म्हणाले, "थांबा. मी जातो. तक्रार माझी आहे."

नातू त्यांच्यापुढे गेला. तोंडाशी त्याने आजोबांची छत्री काढून माझ्याकडे दिली, त्यांना वाकायला लावले, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले. चेन आतून लागली.

मला आत जाण्याची मनाई होती, म्हणून आत काय झाले ते मी सांगू शकत नाही. बाहेर जे ऐकू आले ते असे: काही नाही. मग ठोका. मग पुष्कळ वेळ काही नाही. आवारात उभे असलेले सगळे पुढे सरकले, बसमधून उतरलेलेही. मग ठोका. मग देवमाशीचे पोट हलू लागले. आधी थोडे, मग चांगलेच. साहेबांनी मला विचारले, "हे काय होतंय?" मी म्हणालो, "श्वास घेता येतोय, साहेब."

आजोबा बाहेर आले. त्यांचे डोळे ओले होते आणि केस विस्कटलेले होते. साहेबांनी विचारले, "मग? आत हवा आहे ना?" आजोबांनी अंगठा व तर्जनी यांचे कडे करून दाखवले. साहेबांनी विचारले, "तक्रार ठेवायची आहे की नाही?" आजोबांनी तेच कडे पुन्हा दाखवले. साहेब म्हणाले, "अहो, बोला ना." आजोबांनी नातवाकडे पाहिले. नातवाने मान हलवली. घंटा झाली नव्हती.

घंटा जप्त होती. हवालदारसाहेब म्हणाले की सील केलेला मुद्देमाल असा उघडता येत नाही. साहेब म्हणाले, तक्रारदार बोलल्याशिवाय पुढे काही लिहिता येत नाही. हवालदारसाहेब म्हणाले, आजोबा, लिहून द्या. आजोबांनी पंजा डुलवला. पाण्यात लिहिता येत नाही, असे नातवाने साहेबांना समजावून सांगितले असते, पण तोही पाण्यातच होता. म्हणून शंकाने सांगितले. साहेब खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग ते म्हणाले, "फोडा ती लाख."

घंटा मी वाजवली.

आजोबा म्हणाले, "श्वास घेता येतो. तक्रार काढून घेतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मी तीन हाका मारल्या. तिसरीला तुम्ही ओ द्यायला हवी होतीत. नियम राहू दे बाजूला."

त्यांचे हे म्हणणे बरोबर आहे. ते माझ्या जबाबात घ्यावे. तिसरी हाक मी ऐकली होती.

या कारणाने वर्गाच्या नियमात आजपासून बदल केला आहे. समुद्रात कोणी बोलायचे नाही. पण बाहेरून आपल्या माणसाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची, बुडी कितीही खोल असो. मुलांना हे आवारातच सांगितले. शंकाने विचारले, "आणि हाक दुसऱ्याच्या माणसाची असली तर?" मी म्हणालो, तरीही. ती म्हणाली, "मग तसं सांगा ना, कोणाचीही म्हणून." तसे ते दुरुस्त केले. हा जबाब चालू असतानाच साहेबांनी देवमासा, घंटा व पंप आजच परत देण्याचे मान्य केले. घडी मी घालणार.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर तो मी स्वतः वाचला, कारण ऐकलेले आणि लिहिलेले एकच असते असे नाही. 'देवमासा' आणि 'देवमाशी' असे दोन्ही शब्द आले आहेत. दोन्ही माझ्या तोंडचेच असल्याने राहू दिले. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे, खरे आहे, आणि कोणी दबाव टाकलेला नाही. पत्नीने शेपटीबाबत टाकला, तो वर आलेलाच आहे.

पुरवणी. वरील जबाब वाचून झाल्यावर घडलेली एक गोष्ट पत्नीच्या आग्रहावरून जोडत आहे.

मी घडी घालायला आवारात गेलो तेव्हा एक गृहस्थ देवमाशाच्या डोळ्यासमोर उभे होते. चौकातल्या मोठ्या दुकानसंकुलाचे ते व्यवस्थापक. भिंतीवरून शेपटी दिसली म्हणून ते गाडी थांबवून आत आले होते. त्यांनी देवमासा विकत मागितला आणि रक्कमही सांगितली. आज रात्रीच हवा, उद्या त्यांच्याकडे उन्हाळी सेल सुरू होतो. मी उद्या वर्गाचा शेवटचा दिवस असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "मुलांचं काय, तिकीट काढून आमच्याकडे येतील." पुढे म्हणाले की ठोक्याऐवजी आत गाणी लावू, तोंड हसरे करू आणि दातांच्या दोन ओळी बसवू, पांढऱ्याशुभ्र. मी म्हणालो, हिला दात नसतात. ते म्हणाले, "कोणाला कळतंय?"

बावीस जणांना कळते. तेवीस, आता आजोबांनाही कळते. मी नाही म्हणालो.

पत्नी घडीचे दुसरे टोक धरून उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "नाही म्हणालात ते बरं केलंत. पण तुम्ही अजून समुद्र पाहिलेला नाही, हे लिहिलंत का आत?" मी म्हणालो, ते कोणी विचारले नाही. ती म्हणाली, "मग सांगा. आणि आकडाही लिहून घ्या. नाहीतर मीच काय, कोणी खरं मानणार नाही."

त्यानुसार नोंद देतो की मी समुद्र पाहिलेला नाही. पत्नीनेही नाही. तो येथून आगगाडीने एक रात्र आणि अर्धा दिवस लांब आहे. नाकारलेली रक्कम १,८०,०००. हवालदारसाहेबांनी लेखणी थांबवून ती पुन्हा विचारली, म्हणून अक्षरीही देतो: एक लाख ऐंशी हजार फक्त.